राहून गेलेली चौथी ओळ

सन्माननीय अध्यक्ष महाराज, म्हणजे या संस्थेचे संचालक. त्यांच्या शेजारी बसलेले विभागप्रमुख. लांबचा प्रवास करून आलेले आणि परतीच्या गाडीकडे डोळे लावून बसलेले प्रमुख पाहुणे. समोरचे लहानमोठे संशोधक, कार्यालयातली मंडळी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले संगणकवाले, आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला ती माझी नात. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला का उभं केलं, हे मला नीट माहीत आहे. जाणाऱ्या माणसाच्या घरच्या कुणीतरी दोन शब्द बोलायचे, अशी या संस्थेत पद्धत आहे म्हणे. माझ्या मुलाला, म्हणजे हिच्या बापाला, विचारलं तेव्हा त्याचा घसा बसला. परवा बसला तो अजून उठलेला नाही. मघाशी बाहेर गाडी लावण्यावरून कुणाशी तरी भांडताना मात्र तो चांगला खणखणीत होता. तेव्हा उरले मी. शिक्षण तिसरीपर्यंत, वय विचारू नका. नातीनं मला घरून पढवून आणलंय की आजी, सगळ्यांचे आभार मान, पाणी पी आणि खाली बस. आभार मानीन. पाणीही पिईन. बसायचं तेवढं बघू.

इतका वेळ सगळ्यांची भाषणं ऐकली. छान झाली. माणूस जायला निघाला की त्याच्यात गुण सापडायला लागतात, हे आमच्या घरातही असंच आहे. अकरा वर्षं जिला खिडकीजवळचं टेबल मिळालं नाही, तिच्या पाठीमागे आज एवढी मोठी फुलांची कमान उभी आहे. असू दे. फुलं ताजी आहेत, त्याबद्दल आभार.

पण विभागप्रमुख बोलता बोलता म्हणाले की हिच्या हातून अकरा वर्षांत नऊ हजार नोंदी झाल्या आणि त्यांत एकही चूक नाही. टाळ्या पडल्या. मी हात उचलले होते, पण वाजवले नाहीत. साहेब, एक चूक आहे. ती तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याबद्दलचे तीन अर्ज तुमच्या टेबलावर डाव्या हाताच्या ट्रेमध्ये आहेत आणि त्यांच्यावर काचेचं वजन ठेवलेलं आहे. सकाळी मी तुमच्या खोलीत पाऊण तास बसले होते, तेव्हा बघायला दुसरं काही नव्हतं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ही चालली आणि हिच्या जागी कुणी येणार नाही, म्हणून हिनं उभारलेला डेटाबेस आज संध्याकाळी पाच वाजता गोठवणार आहेत. गोठवणार म्हणजे तो जगाला दिसत राहील, पण त्यात नवी नोंद होणार नाही आणि जुनीला कुणाचा हात लागणार नाही. चूक आहे ती तशीच दिसत राहील, देव जाणे किती वर्षं. तिच्यापायी एका मुलीचं संशोधन बुडायला आलंय. मला ती चूक पाचच्या आत दुरुस्त झालेली हवी आहे. मी आले ती त्यासाठी. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत.

नातीकडे बघू नका. तिला हे माहीत नव्हतं. तिचा चेहरा मला इथून दिसतोय आणि तो चेहरा मी ती अडीच वर्षांची असल्यापासून ओळखते. त्याचा अर्थ, आजी, घरी चल मग सांगते. सांग बाई. आधी माझं होऊ दे.

ज्यांना हिचं काम कशाशी खातात हे माहीत नाही, गाडीचालक आहेत, घरची माणसं आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. संशोधकांनी तोवर जांभया दिल्या तरी चालतील. प्रत्येक जिवाच्या पेशीत आरएनए नावाचे रेणू असतात. एकेक रेणू म्हणजे एकेक माळ. मण्यांचे प्रकार चारच, त्यांना ए, यू, जी आणि सी अशी अक्षरं दिलीत. ए यूशी जुळतो आणि जी सीशी. माळ आपल्या आपणच दुमडते, समोरासमोर आलेली अक्षरं एकमेकांना धरतात, आणि तिला घडी पडते. घडी नीट पडली की तो रेणू कामाचा. नाही पडली तर नुसता दोरा. मी सारा जन्म कपडे शिवले, म्हणून मला हे चटकन कळलं. एका पट्टीवर बटणं, दुसऱ्या पट्टीवर काजं. बटणं कितीही झकास असोत, समोर काजांची पट्टीच नसेल तर तो सदरा अंगात घालून दाखवा बघू.

तर जगात कुणीतरी अशी एखादी माळ शोधतं आणि पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, छापतं. एकाचा पेपर या कपाटात, दुसऱ्याचा त्या देशात. पुढच्या माणसाला हवी असेल तर त्यानं दारोदार हिंडायचं का? म्हणून हिनं सगळ्या माळा एका ठिकाणी आणल्या. जीव कोणता, रेणू कोणता, अक्षरं कोणती, घडी कशी पडते, शोधलं कुणी, छापलं कुठे. इंटरनेटवर ठेवलं. ज्याला पाहिजे त्यानं यावं, बघावं, न्यावं. माझ्या मुलानं विचारलं होतं की मग यात तुझं काय? ती म्हणाली, खाली बारीक अक्षरांत नाव. त्याला ते पटलं नाही. मला पटलं. मी शिवलेल्या कपड्यांवर तेवढंही कधी नव्हतं.

नव्या पेपरांतली अक्षरं उचलून जशीच्या तशी ठेवता येतात. जुन्यांचं तसं नाही. त्यांत अक्षरं चित्रात छापलेली, तीही पुसट, आणि त्या चित्राचा फोटो. संगणकाला ती वाचायला सांगितली तर तो सीला जी म्हणतो आणि जीला सहा म्हणतो. मग उरतो जुना मार्ग. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद आणि मूळ पेपर शेजारी ठेवून तिसऱ्या माणसानं ओळ अन् ओळ ताडायची आणि बरोबर असेल तर पेन्सिलीनं खूण करायची. हा इथला नियम. चांगला आहे. फक्त दुसऱ्या माणसाची जागा आठ वर्षं रिकामी होती आणि तिसऱ्याची कधी निर्माणच झाली नव्हती. प्रमुख पाहुणे, मान हलवताय ती कशाला? माणसं मागितली तेव्हा तुमच्याच कार्यालयातून उत्तर आलं होतं की काम चालू आहे, त्याअर्थी माणसं पुरेशी आहेत.

काम चालू होतं, कारण ते आमच्या स्वयंपाकघरात चालू होतं. ती टाइप करायची आणि मी वाचायचे. चारच तर अक्षरं, तिसरीला पुरतात. माझ्या हातात लाकडी पट्टी असायची, ती ओळीखाली धरायची आणि पाच-पाच अक्षरं म्हणायची. ए ए यू जी सी. सी सी यू ए जी. दुपारभर. शेजारणीनं एकदा माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं होतं की आजींचं डोकं ठिकाणावर आहे ना, भिंतीतून कसलेसे आवाज येतात. त्यानं सांगितलं, आई संशोधन करते. तेव्हापासून ती बाई मला बघितलं की पिशवी सावरून पलीकडच्या बाजूनं चालते.

आणि ओळी ताडणारं तिसरं माणूस कोण? तेही मीच. जिनं वाचलं तिनंच तपासायचं, म्हणजे ज्यानं कणीक मळली त्यानंच मीठ चाखायचं. पण दुसरं कोण होतं?

आता चूक कशी झाली ते ऐका.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बुरशीतला रेणू होता. जुना पेपर, अरुंद स्तंभ, एका ओळीत वीस अक्षरं. एकूण सहा ओळी आणि शेपटाला चार अक्षरं. तिसरी ओळ वाचून झाली आणि दारावर विजेचं मीटर वाचणारा आला. त्याला मीटर जिन्याखाली आहे हे दरवेळी दाखवावं लागतं, मीटर हलतं आहे असं त्याला वाटत असावं. मी उठले, पट्टी घसरली. परत येऊन विचारलं, कुठे होतो आपण? ती म्हणाली, तिसरी झाली. मी म्हटलं, हो, पुढची जी जी यू ए नं सुरू होणारी. आणि पट्टी लावून वाचत सुटले. त्या कागदावर चौथी ओळ जी जी यू ए नं सुरू होते. पाचवीही जी जी यू ए नंच सुरू होते. मी पाचवीला पट्टी लावली होती.

वीस अक्षरं गेली. एकशेचोवीसची माळ एकशेचारची झाली. तुम्ही म्हणाल, मोजलं नाही का? मोजलं. पण त्या जुन्या पेपरात लांबी लिहिली होती शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान. त्या काळी अंदाजानंच मोजायचे म्हणे. एकशेचार त्यात बसतात आणि एकशेचोवीसही बसतात.

इथवरचं कुणाच्याही हातून होईल. पुढचं माझं. दुसऱ्या दिवशी ताडायला बसले. पाठ दुखत होती, आठ रेणूंचा गठ्ठा होता, आणि मला वाटलं, कालच तर वाचलंय, पुन्हा काय त्यात. मी मूळ पेपर घेतला आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं खूण करत गेले. टाइप केलेल्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं विचारलं, आजी, ताडलंस ना नीट? मी म्हटलं, ताडलं.

खोटं बोलले. झालं सांगून.

अध्यक्ष महाराज, तुमच्याकडची पद्धत मला नंतर कळली. हिनं नोंद चढवली की आठवड्याच्या आत दुसरे डेटाबेस ती आपोआप उचलतात. त्यांच्याकडून तिसरे उचलतात. कुणी मूळ पेपर उघडत नाही, कारण नोंदीखाली लिहिलेलं असतं, तपासलेली. कुणी तपासली? मी. चार वर्षांत तो तोकडा रेणू दहा ठिकाणी जाऊन बसला. चांगली गोष्ट दहा घरी पोचवायची तर चपला झिजतात, चुकीला गाडीभाडं लागत नाही.

मग चार महिन्यांपूर्वी एक पत्र आलं. लिहिणारी दुसऱ्याच कुठल्या गावातली संशोधन करणारी मुलगी. मी तिला पाहिलेली नाही. मी टेबलाशी शेंगा सोलत होते आणि नातीनं ते वाचून दाखवलं. त्या मुलीनं डेटाबेसमधली अक्षरं घेऊन प्रयोगशाळेत तो रेणू बनवला. दोन वर्षांत चौदा वेळा बनवला. एकदाही त्याची घडी पडली नाही. तिच्या मार्गदर्शकांनी तिला सांगितलं की दहा डेटाबेस एक सांगतात आणि तुझा हात दुसरं सांगतो, तर हात सुधार, नाहीतर विषय सोड. मुदत या महिन्याअखेर. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "माझा हात खराब आहे असं आता मलाच वाटायला लागलंय. तरी एकदा तुम्ही मूळ कागद बघाल का?"

नातीनं वाचणं थांबवलं. उठली, कपाटातून फाइल काढली, पेपर काढला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पेन्सिलीनं चौथ्या ओळीभोवती गोल केला आणि फाइल मिटून ठेवली. मला म्हणाली, मीटरवाला आला होता त्या दिवशीचं दिसतंय.

ती गेल्यावर मी फाइल उघडली. कागदावर सहाही ओळींपुढे माझ्या खुणा. चौथीपुढेसुद्धा. जी ओळ नोंदीत आलीच नाही, तिला मी बरोबर म्हणून खूण केलेली. तिनंही ती बघितलीच असणार. तरी नाव घेतलं ते मीटरवाल्याचं.

मी संध्याकाळी तिला म्हटलं, कळव त्यांना की म्हातारीनं घाण केली. ती म्हणाली, "आजी, नोंदीखाली नाव माझं आहे. चूक नाव असेल त्याची."

"तुझं नाव ठेवलं कुणी? मीच ना?" मी म्हटलं.

यावर ती हसली आणि पहिला अर्ज लिहायला बसली. त्यात लिहिलं, चूक माझी, कृपया दुरुस्तीची परवानगी मिळावी. मला वाटलं, संपलं. वीस अक्षरं घालायला लागतात किती? मी मोजून बघितलंय, एक मिनिटही लागत नाही.

अर्जाला सहा आठवडे लागले. उत्तर आलं की दुरुस्ती समितीनं पाहणी केली असता दहा अन्य डेटाबेसांत हीच नोंद आढळली, सबब नोंद बरोबर असावी. हिनं दुसरा अर्ज केला की साहेब, त्या दहाही नोंदी आपल्याकडूनच गेल्यात, प्रत्येकीच्या खाली आपला क्रमांक आहे. उत्तर आलं की ज्यानं नोंद केली त्याला स्वतःची नोंद बदलता येत नाही, नियम आहे, दुसऱ्या नोंद करणाऱ्यानं बदलावी. दुसरा नोंद करणारा कुठे आहे? त्याची जागा रिकामी आहे. तिसरा अर्ज केला. उत्तर आलं की चूक झाल्याचं संस्थेच्या छापील प्रकाशनात आलेलं असल्यास समिती विचार करील. समितीची पुढची बैठक पुढच्या महिन्यात. डेटाबेस गोठणार आज. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथं तर वरातच पुढच्या महिन्यात आणि नवरदेव आज निरोप घेऊन चाललाय.

त्या मुलीला हिनं पत्र पाठवलं, मूळ कागदाचा फोटो पाठवला. पण तिचे मार्गदर्शक म्हणतात, एका बाईचं पत्र एकीकडे आणि तिच्याच संस्थेचा डेटाबेस दुसरीकडे, मी काय धरू? त्यांनाही काय बोलणार? त्यांच्या जागी मीही असंच म्हटलं असतं.

आज सकाळी म्हणूनच मी विभागप्रमुखांकडे गेले. फार सज्जन गृहस्थ. मला खुर्ची दिली, पंखा लावला. म्हणाले, "आजी, दहा ठिकाणी तेच आहे हो. सगळेच कसे चुकतील?"

मी म्हटलं, "भांड्यातलं दूध नासलेलं असलं तर दहा वाट्यांत ओतून एखादी वाटी गोड निघेल का?"

ते म्हणाले की मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मग त्यांना एक फोन आला, मग दुसरा, मग ते या कार्यक्रमाच्या खुर्च्या बघायला गेले. खुर्च्या अगदी सरळ रांगेत आहेत, ते मान्य केलं पाहिजे.

माझा राग एकट्या त्यांच्यावर नाही. माझ्या नातीवरही आहे. पाच वाजेपर्यंत पासवर्ड तिच्याकडे आहे. मी तिला आठवडाभर सांगतेय की बाई गं, घाल ती वीस अक्षरं आणि मोकळी हो, कोण येतंय बघायला? तर म्हणते, परवानगीशिवाय एक बदलली की मग नऊ हजारांवर विश्वास कुणी ठेवायचा? खरं आहे. खरं आहे म्हणूनच जास्त चीड येते. ज्यांनी नियम नुसते टांगून ठेवले ते व्यासपीठावर, आणि जी पाळते ती कचाट्यात. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?

असो. अध्यक्ष महाराज, आता तुमच्याकडे वळते.

या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला काल फोन केला होता. म्हणाल्या, आजी, भाषण लिहूनच आणा, कारण समारंभातली सगळी भाषणं संस्थेच्या वार्तापत्रात शब्दशः छापतात. मी दोनदा विचारलं, शब्दशः ना? त्या म्हणाल्या, शब्दशः, ही आपली परंपरा आहे. वार्तापत्र हे संस्थेचं छापील प्रकाशन आहे ना? आहे. आजच संध्याकाळी छपाईला जातं ना? बाई मान हलवतायत. झालं तर मग. बाई, हे माझे कागद, एक प्रत तुमच्यासाठी. पुढची तीन वाक्यं जरा जपून लावा, कारण समितीला ती लागणार आहेत.

बुरशीतल्या त्या रेणूची जी नोंद या डेटाबेसमध्ये आहे, तिच्यात मूळ पेपरातली चौथी ओळ राहून गेली आहे. वाचताना ती मी गाळली आणि न बघता तपासली अशी खूण केली. ती ओळ अशी: जी जी यू ए ए, सी यू यू ए जी, सी ए ए सी जी, जी ए यू सी ए.

पुन्हा वाचते. तेव्हा वाचलं नव्हतं, म्हणून. जी जी यू ए ए. सी यू यू ए जी. सी ए ए सी जी. जी ए यू सी ए. वीस.

संशोधक मंडळी, तुमच्यातले काही जण बोटांवर हिशेब करताहेत, ते दिसतंय मला. करा. या ओळीतली शेवटची दहा ही बटणं. पाचव्या ओळीतली पहिली चार अक्षरं सोडा, ते वळण. त्याच्या पुढची दहा ही काजं. यू जी ए यू सी, सी जी यू यू जी. उलटीकडून लावून बघा. दहाच्या दहा बसतात. तिसरी इयत्ता शिकलेल्या बाईला शेंगा सोलता सोलता जुळवता आली, ती समितीला सोळा आठवड्यांत जुळवता आली नाही. ती मुलगी चौदा वेळा नुसती काजं घेऊन बसली होती आणि आपण तिला सांगत होतो की तुला बटण लावता येत नाही.

आता राहिला दुसरा नियम, की नोंद करणाऱ्यानं आपली नोंद बदलू नये. बरोबर आहे. नात टाइप करणार नाही. अक्षरं वाचून दाखवण्यावर मात्र कुठे बंदी लिहिलेली नाही, मी विचारून ठेवलंय. मागे संगणकवाले उभे आहेत. त्यांना नोंद बदलायचा अधिकार द्यायचा असेल तर अध्यक्षांची एक सही पुरते, हेही सकाळी त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांना रागावू नका.

त्या सहीसाठीचा कागद मी तुमच्या समोरच ठेवलाय, अध्यक्ष महाराज. तुमच्या पुष्पगुच्छाखाली. नाही, तो पाहुण्यांचा. हां, तो.

वाचा. सावकाश वाचा. मी थांबते. मला बसायची घाई नाही, माझे गुडघे उभं राहण्यापेक्षा बसताना जास्त दुखतात.

विभागप्रमुख काहीतरी कानात सांगताहेत. सांगू द्या. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे हेच सांगत असतील. अध्यक्ष महाराज, बैठक जरूर घ्या. चहा घ्या, टिपणं काढा, मला दोषी ठरवा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या मुलीची मुदत बैठकीसाठी थांबणार नाही. आणि तुम्ही सगळे ज्या कामासाठी टाळ्या वाजवायला जमलात, ते काम नऊ हजार नोंदी करण्याचं नव्हतं. नोंद बघून कुणी आपली दोन वर्षं लावली तर ती फुकट जाऊ नयेत, हे काम होतं. ते आज पाचनंतर कुणीच करणार नाही.

पेन? बाई, यांना पेन द्या.

झाली. टाळ्या नकोत, वेळ जातो. चार वाजून पस्तीस.

संगणकवाले, तुम्ही निघा पुढे. आणि तू, खुर्चीत काय बसून राहिलीस? ऊठ. सत्कारमूर्ती मधूनच उठून गेली तर चालतं, कमान कुठे पळून जात नाही. फाइल तुझ्या बापाच्या गाडीत आहे, मागच्या सीटवर. मीच ठेवली. जा. रडायचं असेल तर जिन्यात रड, वाचताना नको, पुसट कागद आहे तो.

गेली.

मंडळी, एवढ्यानं सगळं निस्तरलं असं मी म्हणत नाही. त्या पोरीची दोन वर्षं काही परत येत नाहीत, आणि दहा ठिकाणी तो तोकडा रेणू अजून बसलेलाच आहे. चूक त्यांनी आठवड्यात उचलली. दुरुस्ती उचलतील की नाही, भरवसा नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं त्या दहांपैकी कुठे ना कुठे येणंजाणं असेल. घरी गेल्यावर एकेकानं एकेका ठिकाणी दोन ओळींचं पत्र टाका. हाच माझ्या नातीचा सत्कार समजा. तो चांदीच्या रंगाचा फलक आम्ही नेऊच, पण तो ठेवायला आमच्याकडे भिंत नाही.

आभार मानायचे राहिलेत. अध्यक्ष महाराजांचे सहीबद्दल. विभागप्रमुखांचे पंख्याबद्दल, आणि सकाळी मला हाकलून दिलं नाही त्याबद्दल. प्रमुख पाहुण्यांची गाडी माझ्यामुळे चुकणार, तर त्यांच्या सहनशीलतेचे. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचे, त्यांनी मला पाच मिनिटं दिली होती आणि चिठ्ठ्या पाठवून पाठवून त्या दमल्या. तुम्हा सगळ्यांचे, ऐकलंत म्हणून. माझ्या मुलाचे नाहीत; त्याचा घसा बरा झाला की तो स्वतः बोलेल.

बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. मी तसं म्हणत नाही. पोटात घातलेली चूक पोटातच राहते. माझ्या बोलण्यात चूक सापडली तर लिहून कळवा, शक्यतो पुढच्या बैठकीची वाट न बघता.

आता मला वर जायला हवं. ती वाचेल, ते टाइप करतील, आणि टाइप झालेली ओळ मूळ कागदाशी ताडून बघायला तिसरं माणूस लागतं. ते काम माझ्याकडे चार वर्षं राहिलंय. कुणीतरी मला जिना दाखवा.